हॉटेलच्या डॅशबोर्डवर कोणाला काय दिसावं: पॉवर बीआयमधली माहिती खरोखर कशी अडवायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. कळंगुट, मोरजी, कोलवा आणि पणजी अशी चार हॉटेलं, मुख्य ऑफिस पणजीत, आणि सगळ्यांचा मिळून पॉवर बीआयचा (आकड्यांचे रिपोर्ट आणि चार्ट बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाचा) एकच डॅशबोर्ड. प्रत्येक मॅनेजरला आपल्याच हॉटेलचे आकडे दिसावेत म्हणून तुम्ही हॉटेलवार पानं केली, हॉटेलचा फिल्टर लॉक करून लपवला आणि पगाराचं पान 'हाइड' केलं. तरीही एका मॅनेजरने 'अ‍ॅनलाइझ इन एक्सेल' दाबलं (म्हणजे रिपोर्टमागचा डेटा एक्सेलमध्ये उघडला), त्याचं पिव्हट टेबल उघडलं आणि त्यात चारही हॉटेलांतल्या कर्मचाऱ्यांचे पगार नावानिशी निघाले. आता मालक डॅशबोर्डच बंद करा म्हणतात. दुसरीकडे मॅनेजरना ग्रुपच्या सरासरीशी तुलनाही हवी आहे. फिल्टर नेमका कुठे चुकला, असं तुम्ही विचारलंय.

फिल्टर कुठेच चुकलेला नाही. त्याच्याकडून जे काम अपेक्षित होतं ते त्याचं नव्हेच. लपवलेलं पान, लॉक केलेला फिल्टर, 'हाइड' केलेला कॉलम या सगळ्या रिपोर्टच्या सजावटीच्या गोष्टी आहेत, दाराला पडदा लावावा तशा. रिपोर्टच्या मागे डेटाचं मॉडेल, म्हणजे एकमेकांना जोडलेली डेटाची टेबलं, असतं आणि ज्याला त्या मॉडेलपर्यंत जायची परवानगी आहे, त्याला तुमच्या रिपोर्टमधून जावंच लागत नाही. लपवलेलं पान त्याच्या थेट लिंकने उघडतं. 'हाइड' केलेला कॉलम फील्डच्या यादीत दिसत नाही इतकंच. बाहेरून क्वेरी, म्हणजे डेटाला लिहून विचारलेला प्रश्न, टाकली की तोही वाचता येतो. म्हणजे पगाराचं पान लपवण्याऐवजी कॉलम लपवला असता तरी फरक फक्त कष्टांचा पडला असता.

उत्तर कशाकशावर अवलंबून आहे तेही आधी सांगतो. मॅनेजर फक्त पाहणार आहेत की स्वतः नवे चार्ट बनवणार आहेत? डेटा मॉडेलमध्ये आयात होतो की प्रत्येक वेळी डेटाबेसकडून मागवला जातो? आणि कोण कुठल्या हॉटेलला आहे याची यादी कोणाच्या हातात राहणार? तुमच्या वर्णनावरून मी असं धरतो की मॅनेजर फक्त पाहतात, डेटा दिवसातून काही वेळा आयात होतो आणि यादी आज कोणाकडेच नाही. यांतलं काही वेगळं असेल तर पुढचे काही भाग बदलतील, पण कामाचा क्रम तोच राहील: आधी मॉडेलमध्ये काय येतं ते ठरवा, मग ओळी अडवा, मग कॉलम, आणि शेवटी बाहेर पडायच्या वाटा. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात आणि म्हणून फसतात.

मॉडेलमध्ये काय येतं यावर मी सगळ्यात जास्त भर देतो. जी माहिती आत आलीच नाही ती कोणत्याही वाटेने बाहेर जात नाही. तुमच्या डॅशबोर्डवर ऑक्युपन्सी (किती रूम भरल्या), सरासरी रूम रेट, बुकिंग कुठून आलं, कोणत्या देशातले पाहुणे किती रात्री राहिले, रेस्टॉरंटची विक्री आणि पगारखर्च दिसतो. यासाठी पासपोर्ट नंबर लागतो का? नाही. परदेशी पाहुण्याची सरकारला द्यायची माहिती भरायला तो फ्रंट ऑफिसला लागतो आणि तिथल्या सॉफ्टवेअरमध्येच त्याने राहावं. जन्मतारखेऐवजी वयोगट पुरतो. आधारचं तर काहीच काम नाही, मास्क केलेलं, म्हणजे शेवटचे चार अंक दिसणारंसुद्धा.

'तोच पाहुणा परत आला का' हे मोजायला काहीतरी ओळख लागते, म्हणून अनेक जण मोबाइल नंबरचा हॅश (नंबरावरून गणिताने काढलेला, उलटा न वाचता येणारा संकेत) करून ठेवतात आणि आता तो सुरक्षित झाला असं मानतात. तो सुरक्षित होत नाही. भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी आणि ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होणारा. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. त्या सगळ्यांचे हॅश काढून तुमच्या यादीशी जुळवायला संगणकाला फार वेळ लागत नाही. त्याऐवजी मूळ डेटाबेसमध्ये प्रत्येक पाहुण्याला एक यादृच्छिक क्रमांक द्या, नंबर आणि क्रमांक यांची जोडणारी टेबल तिथेच ठेवा आणि मॉडेलमध्ये फक्त क्रमांक पाठवा.

ही छाटणी डेटाबेसच्या व्ह्यूमध्ये (मूळ टेबलांतले ठरावीकच कॉलम दाखवणाऱ्या साठवलेल्या क्वेरीत) करा, पॉवर क्वेरीमध्ये (पॉवर बीआयच्या डेटा आणून साफ करायच्या भागात) नको. पॉवर क्वेरीत कॉलम काढून टाकला की तो मॉडेलमध्ये येत नाही हे खरं, पण 'रिमूव्ह कॉलम्स'ची ती पायरी फाइल उघडणारा कोणीही पुसू शकतो आणि पुढच्या रिफ्रेशला (डेटा नव्याने आणताना) सगळं परत येतं. पॉवर बीआयसाठी डेटाबेसमध्ये वेगळा लॉगिन करा आणि त्याला फक्त या व्ह्यूंवर वाचण्याचा अधिकार द्या, मूळ टेबलांवर काहीही नको. मग कोणी पायरी पुसली तरी हाती काही लागत नाही. पॉवर बीआय डेस्कटॉपच्या फाइलबद्दलही हेच लक्षात ठेवा: आयात केलेला सगळा डेटा त्या फाइलमध्येच असतो. पुढे सांगतोय ती ओळींची सुरक्षा फाइल हातात असलेल्याला अडवत नाही. ती फाइल ईमेलने पाठवू नका, सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नका.

आता ओळी. कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याच्या नियमांना पॉवर बीआयमध्ये रो-लेव्हल सिक्युरिटी म्हणतात, बोलताना आरएलएस. चार हॉटेलांसाठी चार रोल (नियमांचे गट, ज्यांत माणसं घालतात) करून प्रत्येकात हॉटेलचं नाव ठोकून लिहिता येतं, पण ते करू नका; पाचवं हॉटेल आलं किंवा एक मॅनेजर दोन हॉटेलं बघू लागला की गुंता होतो. एकच रोल ठेवा आणि एक 'हक्क' टेबल करा. त्यात दोन मुख्य कॉलम, ईमेल आणि हॉटेल कोड. दोन हॉटेलं बघणाऱ्याच्या दोन ओळी. मालक आणि मुख्य ऑफिसच्या अकाउंट्सवाल्यांच्या प्रत्येक हॉटेलसाठी एकेक ओळ. 'कोड रिकामा म्हणजे सगळं दिसावं' अशी सोय करायचा मोह होतो, तो टाळा. रिकामं म्हणजे काहीच नाही हाच नियम असावा.

रोलमध्ये 'हॉटेल' टेबलावर नियम असा: यूजरप्रिन्सिपलनेम या फंक्शनने जो ईमेल मिळतो, त्याच्या 'हक्क' टेबलातल्या ओळींमध्ये जे हॉटेल कोड आहेत त्यांतच हा कोड असला पाहिजे. हॉटेल टेबल बुकिंग, विक्री आणि खर्चाच्या टेबलांशी एकास-अनेक नात्याने (इथे एक हॉटेल, तिथे त्याच्या अनेक ओळी) जोडलेलं असेल तर अडवणूक आपोआप खाली उतरते. जे टेबल हॉटेल टेबलाला जोडलेलंच नाही, त्याला हा नियम लागत नाही. घाईने आणलेली एखादी 'बजेट' एक्सेल नेमकी अशीच सुटलेली असते, तेव्हा मॉडेलच्या चित्रात प्रत्येक टेबलावर बोट ठेवून नातं तपासा. आणि त्याच रोलमध्ये 'हक्क' टेबलावर सरळ फॉल्स ('कोणतीही ओळ दाखवू नको') हा नियम लावा. त्यामुळे कोणाकडे काय हक्क आहेत ही यादी कोणालाच वाचता येत नाही. हॉटेलवरचा नियम मात्र ती वाचतो आणि चालतो.

नियम लिहिताना एक चूक फार होते, ती नीट समजून घ्या. लोक लुकअपव्हॅल्यू हे टेबलातून शोधून आणणारं फंक्शन वापरून 'या ईमेलचा हॉटेल कोड काढ आणि तो ओळीतल्या कोडएवढा आहे का बघ' असं लिहितात. जो माणूस 'हक्क' टेबलात नाही, त्याच्यासाठी लुकअपव्हॅल्यू ब्लँक (रिकामं) देतं. आता समजा खर्चाच्या काही ओळींना हॉटेल कोडच नाही: मुख्य ऑफिसचं भाडं, संचालकांचं मानधन, वकिलाची फी. त्या ओळींचा कोडही ब्लँक. नियम खर्चाच्या टेबलावर असेल तर ब्लँक बरोबर ब्लँक जुळतं आणि ज्याला काहीच दिसायला नको त्याला नेमका मुख्य ऑफिसचा खर्च दिसतो. उपाय दोन्हीकडून करा: नियमात 'कोड या यादीत आहे का' अशी रचना ठेवा, आणि कोड नसलेल्या प्रत्येक ओळीला व्ह्यूमध्येच 'मुख्यालय' हा कोड द्या, ज्याचा हक्क मोजक्यांनाच असेल.

ईमेलबद्दलही थोडं. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांनी फरक पडत नाही, पण एक्सेलमधून आलेल्या ईमेलच्या सुरुवातीला स्पेस राहिली असेल तर जुळत नाही. ज्या पत्त्यावर माणसाला मेल येतो आणि ज्या नावाने तो लॉगिन करतो ते वेगळेही असू शकतात, बाहेरच्या सल्लागाराला गेस्ट म्हणून घेतलं असेल तर हमखास. एका कोऱ्या पानावर कार्ड ठेवून त्यात यूजरप्रिन्सिपलनेम छापा, त्या माणसाला उघडायला सांगा आणि दिसेल तेच 'हक्क' टेबलात घाला.

आता तुमच्याकडे बहुधा घडलेली गोष्ट. आरएलएस कितीही चोख लिहा, ती वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट आणि मॉडेल ठेवायच्या सामायिक जागेत) फक्त व्ह्यूअरला, म्हणजे नुसतं पाहणाऱ्याला, लागू होते. अ‍ॅडमिन, मेंबर आणि काँट्रिब्यूटर या वर्कस्पेसमधल्या वरच्या रोलना मॉडेल बदलायचा अधिकार असल्यामुळे त्यांना सगळ्या ओळी दिसतात. 'मॅनेजरला उघडत नाही' म्हणून कोणीतरी त्याला काँट्रिब्यूटर करतो, रिपोर्ट उघडतो, सगळे खूश. तिथून पुढे आरएलएस त्याच्यासाठी नाहीच. तुमच्या मॅनेजरला 'अ‍ॅनलाइझ इन एक्सेल' चाललं याचा अर्थ त्याच्याकडे बिल्डची (या डेटावर स्वतः नवं काही बनवायची) परवानगी होती, आणि ती काँट्रिब्यूटरला आपसूक मिळते. मॅनेजर मंडळींना वर्कस्पेसमध्ये ठेवूच नका. वर्कस्पेस तुमचं आणि तुमच्या सहकाऱ्याचं. बाकीच्यांना अ‍ॅप (रिपोर्टचा नुसता पाहायचा संच) प्रकाशित करून द्या. शेअर करताना पुढे शेअर करू देण्याची आणि या डेटावर नवं काही बनवू देण्याची अशा दोन चौकटींत आधीच टिक केलेल्या खुणा दिसतील, त्या काढा. मॅनेजरना स्वतः चार्ट बनवायचेच असतील तर बिल्ड द्यायला हरकत नाही, आरएलएस तेव्हाही लागू राहते. वर्कस्पेसचा रोल मात्र नको.

आरएलएसच्या रोलमध्ये माणसं एकेक न घालता सिक्युरिटी ग्रुप (खात्यांचा गट) घाला. एक माणूस दोन रोलमध्ये असेल तर त्याला दोन्हींची बेरीज दिसते, वजाबाकी नाही. 'याला दुसऱ्या रोलने अडवू' हा विचार इथे चालत नाही.

आता पगार. हा भाग सर्वांत नाजूक आहे, कारण इथे परमिशन बरोबर असूनही आकड्यांतून माहिती गळते. पॉवर बीआयमध्ये कॉलमच अडवायची सोय आहे, ऑब्जेक्ट-लेव्हल सिक्युरिटी. ती टॅब्युलर एडिटरसारख्या साधनाने रोलवर लावतात; ज्याला अडवलं त्याच्यासाठी तो कॉलम जणू अस्तित्वातच नसतो आणि त्यावर बेतलेली मेजरही (हिशेबाची सूत्रंही) बंद होतात. पण त्या कॉलमचा चार्ट सामायिक पानावर असेल तर मॅनेजरला तिथे रिकामी जागा नाही, एरर दिसते. शिवाय ओळींची अडवणूक एका रोलमध्ये आणि कॉलमची दुसऱ्यात ठेवून एकाच माणसाला दोन्हींत घातलं तर त्याला रिपोर्टच उघडत नाही. दोन्ही नियम एकाच रोलमध्ये लागतात. तुमच्या आकाराच्या ग्रुपसाठी माझा सल्ला सरळ आहे: नावानिशी पगार वेगळ्या मॉडेलमध्ये, वेगळ्या वर्कस्पेसमध्ये ठेवा, ज्यात एचआर आणि मालक यांच्याशिवाय कोणी नाही. मॅनेजरच्या मॉडेलमध्ये फक्त बेरजा पाठवा: महिना, हॉटेल, विभाग, एकूण पगारखर्च, माणसांची संख्या.

बेरजा पाठवल्या की काम संपलं असं नाही. मोरजीच्या स्पामध्ये एकच थेरपिस्ट असेल तर 'स्पा विभागाचा एकूण पगार' म्हणजे तिचाच पगार. पाचपेक्षा कमी माणसं असलेला विभाग वेगळा दाखवू नका, 'इतर'मध्ये मिसळा. पण फक्त एकच लहान विभाग झाकला आणि हॉटेलची एकूण बेरीज तशीच ठेवली, तर बाकीचे विभाग वजा करून झाकलेला आकडा कोणीही काढतो. म्हणून 'इतर'मध्ये निदान दोन विभाग असू द्या आणि त्यांची मिळून माणसं पाच किंवा जास्त असावीत.

महिन्यांमधल्या फरकाचंही हेच आहे. समजा सप्टेंबरात किचनमध्ये ९ माणसं आणि पगारखर्च २,३१,००० रुपये. चवथीनंतर सीझनची भरती झाली, ऑक्टोबरमध्ये माणसं १० आणि खर्च २,५९,०००. नव्या कुकचा पगार २८,००० हे किचनमधल्या सगळ्यांना त्या दुपारीच कळेल, आणि कोणाला किती कमी मिळतं यावरून कुरबुरी सुरू होतील. पगारखर्च तिमाहीचा दाखवा, किंवा विक्रीच्या टक्केवारीत गोल करून. मॅनेजरला निर्णयासाठी तेवढंच लागतं. महिन्याचा अचूक आकडा हवाच असं एखादा म्हणाला तर कशासाठी, ते विचारा. बहुतेकदा त्याला ओव्हरटाइमचे तास हवे असतात आणि ते पगाराशिवायही दाखवता येतात.

ग्रुपच्या सरासरीशी तुलना, जी मॅनेजरना हवी आहे, ती आरएलएस लावली की बिघडते. कळंगुटच्या मॅनेजरला ग्रुपची सरासरी म्हणून कळंगुटचीच सरासरी दिसते. लोक मग ऑल फंक्शन लावून फिल्टर काढायला बघतात आणि ते का चालत नाही म्हणून दिवस घालवतात. आरएलएस आधी लागते, फॉर्म्युला त्यानंतर. जी ओळ त्या माणसासाठी नाहीच ती कोणताही फॉर्म्युला परत आणू शकत नाही, आणि आणू शकत नाही म्हणूनच ती सुरक्षा आहे. उपाय असा की डेटाबेसमध्येच ग्रुपच्या बेरजांचं छोटं टेबल बनवा: तारीख, रूमचा प्रकार, उपलब्ध रूम, विकलेल्या रूम, रूमचं उत्पन्न. त्यात हॉटेल कोड नाही, त्याला हॉटेल टेबलाशी जोडायचं नाही, त्यावर नियमही लावायचा नाही. स्वतःचा आकडा एका टेबलातून, ग्रुपचा दुसऱ्यातून, आणि दोन्ही एकाच तारखेच्या टेबलाला जोडलेले.

इथेही वजाबाकी लक्षात घ्या. समुद्राकडे तोंड असलेल्या रूम फक्त कळंगुट आणि कोलव्यात असतील आणि त्या प्रकाराची साधी सरासरी ६,२०० रुपये दिसत असेल, तर ५,४०० वाल्या मॅनेजरला दुसऱ्याचा रेट ७,००० आहे हे तोंडी हिशेबात कळतं. किमान तीन हॉटेलांत असलेलेच रूमचे प्रकार तुलनेत घ्या. एकाच मालकाची हॉटेलं असताना एकमेकांचे रेट कळले तर बिघडलं काय, असा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मालकांनी द्यायचं आहे, तुम्ही नाही. त्यांच्याकडून लेखी घ्या, म्हणजे उद्या वाद नको.

बाहेर पडायच्या वाटा आता भराभर सांगतो. रिपोर्टच्या सेटिंगमध्ये एक्स्पोर्टचे तीन पर्याय असतात: फक्त सारांश, सारांश आणि मूळ डेटा, किंवा काहीच नाही. सारांश पुरतो. एक्स्पोर्ट पूर्ण बंद केलं तर लोक स्क्रीनचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, त्यापेक्षा आरएलएसमधून गाळून आलेली एक्सेल बरी. 'पब्लिश टु वेब' अ‍ॅडमिन सेटिंगमधून संपूर्ण बंद करा, कारण त्या लिंकला लॉगिनच नसतो. ईमेलने ठरल्या वेळी जाणारी पीडीएफ ती रचणाऱ्याच्या हक्कांनी तयार होते. तुम्ही स्वतःच्या खात्यातून चार मॅनेजरना सबस्क्रिप्शन लावलं तर चौघांनाही तुमचं दिसतं तेच जाईल. ज्याने त्याने आपलं लावावं.

हॉटेलांमध्ये आणखी एक वाट हमखास उघडी असते: रिसेप्शनच्या संगणकावरचं सामायिक लॉगिन. तिन्ही शिफ्ट एकाच खात्यावर. त्या खात्याला आरएलएस 'एक माणूस' समजते आणि नोंदींमध्येही एकच नाव येतं. ते खातं काढता येत नसेल तर त्याला फक्त आजच्या आणि उद्याच्या रूमची स्थिती दाखवणारा वेगळा रिपोर्ट द्या. आणि मॅनेजरने त्या संगणकावर स्वतःच्या खात्याने लॉगिन करून तसंच सोडून जाऊ नये, हे त्याला समोर बसून सांगा.

पॉवर बीआयऐवजी दुसरं काही वापरणाऱ्यांसाठी दोन-चार वाक्यं. गूगलच्या लुकर स्टुडिओमध्ये डेटा सोर्स 'ओनर'च्या हक्कांवर असेल तर रिपोर्ट उघडणाऱ्या प्रत्येकाला ओनरचं सगळं दिसतं. ईमेलने गाळायची सोय डेटा सोर्सवर लावावी लागते. सुपरसेटमध्ये ओळींची सुरक्षा आहे, मेटाबेसमध्ये ती पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत. गूगल शीटमध्ये लपवलेली शीट म्हणजे काहीच नाही, आणि इम्पोर्टरेंजला (दुसऱ्या फाइलमधून डेटा ओढणाऱ्या फंक्शनला) एकदा परवानगी दिली की त्या शीटचे एडिटर मूळ फाइलमधून हवा तो भाग ओढू शकतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आवृत्ती ९.५ पासून ओळींची सुरक्षा आहे खरी, पण टेबलाच्या मालकाला ती मुद्दाम सक्ती केल्याशिवाय लागत नाही, आणि डॅशबोर्ड एकाच लॉगिनने जोडला असेल तर समोर कोण बसलंय हे डेटाबेसला कळतच नाही.

तपासणी डेस्कटॉपमधल्या, दुसऱ्याच्या रोलने रिपोर्ट दाखवणाऱ्या 'व्ह्यू अ‍ॅज'ने सुरू करा, पण तिथे थांबू नका. ते फक्त नियम तपासतं, वर्कस्पेसमधला रोल नाही, आणि तुमचं भोक तिथेच होतं. लायसन्स असलेलं एक वेगळं चाचणी खातं ठेवा, ते फक्त अ‍ॅपमधून आत येणारं. ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा. आधी ते 'हक्क' टेबलात नसताना बघा: सगळं कोरं किंवा एरर दिसली पाहिजे. मग एक हॉटेल द्या, मग दोन. प्रत्येक वेळी लपवलेल्या पानाची लिंक टाकून बघा, एक्स्पोर्ट करून बघा. शेवटी चारही हॉटेलांची आणि 'मुख्यालय'ची बेरीज मालकांना दिसणाऱ्या बेरजेशी जुळवा. कमी भरली तर कुठेतरी कोड नसलेल्या ओळी आहेत. जास्त भरली तर एखादं टेबल अडवलं जात नाही आणि प्रत्येकाला पूर्ण दिसतंय.

'हक्क' टेबल कोणाकडे? आयटीकडे नको, एचआरकडे द्या, कारण बदली आणि राजीनामा आधी त्यांना कळतो. त्यात 'पासून' आणि 'पर्यंत' असे तारखेचे दोन कॉलम वाढवा आणि व्ह्यूमध्ये आजच्या तारखेला चालू असलेल्याच ओळी घ्या. सीझनपुरत्या घेतलेल्या माणसाची 'पर्यंत' तारीख त्याला घेतानाच भरली तर मे महिन्यानंतर कोणाला आठवण ठेवावी लागत नाही. मात्र हे टेबल आयात होत असल्यामुळे बदल पुढच्या रिफ्रेशलाच लागू होतो. प्रो लायसन्सवर दिवसाला जास्तीत जास्त आठ ठरवलेले रिफ्रेश मिळतात. नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच क्षणी बंद करा, टेबलाची वाट बघू नका. कळंगुटहून कोलव्याला बदली झालेल्या मॅनेजरला कळंगुटचे जुने आकडे दिसावेत का, हेही मालकांकडून आधीच ठरवून घ्या. या नियमाने त्याला बदलीच्या दिवसापासून जुनं काहीच दिसणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियमांत कोणाला काय दिसतं यावर नियंत्रण आणि त्याच्या नोंदी वर्षभर ठेवणं अपेक्षित आहे. पॉवर बीआयच्या हालचालींची नोंद तिथे साधारण महिनाभरच राहते, तेव्हा ती दर आठवड्याला काढून स्वतःकडे साठवायची सवय आत्तापासून लावा.

आज लगेच करायचं ते दोनच: वर्कस्पेसमधून सगळे मॅनेजर काढा, आणि पगाराचं टेबल मॉडेलमधून काढून पुन्हा प्रकाशित करा. डॅशबोर्ड दोन दिवस बंद राहिला तरी चालेल. आणि जी एक्सेल आधीच बाहेर गेली आहे, तिच्यावर यांतलं काहीच चालणार नाही. त्या मॅनेजरवर खापर फोडू नका, त्याने समोर असलेलं बटण दाबलं. फाइल कुठे सेव्ह झाली, कोणाला पुढे गेली, हे त्याला शांतपणे विचारा, त्याच्यासमोर ती पुसून घ्या, मेलच्या 'सेंट'मधलीसुद्धा. कोणत्या तारखेला कोणते कॉलम किती माणसांचे उघड झाले याची एका कागदावर नोंद करून एचआरला द्या, आणि ज्यांचे पगार त्यात होते त्यांना मालकांनी स्वतः सांगावं. त्यांना ते तसंही कळणारच आहे, आणि कँटीनमध्ये कळण्यापेक्षा मालकांकडून कळलेलं बरं.